रोजच्या भाताला लग्नाचा हंडा

लग्नघरी मांडवामागे मोठमोठे हंडे चुलवणावर चढलेले तुम्ही पाहिले असतील. चारपाचशे पानांचा भात त्यांत शिजतो. लग्न आटोपले, की दुसऱ्या दिवशी ते हंडे भाड्याने देणाऱ्याकडे परत जातात. आता समजा, एका गृहस्थाला तो हंडा फारच आवडला. त्याने तो विकत घेतला आणि घरातल्या चार माणसांचा भातही रोज त्यातच शिजवू लागला. भात शिजेल का? अवश्य शिजेल. पण तांदळाआधी तो अगडबंब हंडा तापवावा लागेल. जळणाचा मोठा भाग भाताच्या नव्हे, तर भांड्याच्या कामी येईल.

तुम्हांला या गृहस्थाचे हसू येईल. पण अमेरिकेत लाखो घरांच्या दाराशी असाच एक हंडा उभा असतो. फरक इतकाच, की त्याला चाके असतात. त्याचे नाव आहे जड कामाची डिझेल पिकअप.

पुढे माणसे बसण्याची खोली आणि मागे उघडा हौदा अशी ही गाडी. अमेरिकेत तिचे तीन वर्ग पूर्वापार चालत आले आहेत : अर्धा टनी, पाऊण टनी आणि एक टनी. हौद्यात किती ओझे घालायचे, यावरून ही नावे पडली. आज या गाड्या त्याहून कितीतरी जास्त ओझे वाहतात, पण जुनी नावे टिकून आहेत. आपल्याकडे शेर जाऊन किलो आले तरी 'पावशेर' हा शब्द राहिलाच ना, तसेच हे! यांपैकी अर्धा टनी गाडी हलकी समजली जाते. पाऊण टनी आणि एक टनी या जड.

आता आपण एक उदाहरण घेऊ. समजा, कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या कुशीत एक पशुपालक राहतो. त्याच्याकडे घोडे होते. घोडे नेण्याचा जड ट्रेलर ओढण्यासाठी त्याने एक टनी डिझेल पिकअप घेतली. पुढे मुले शहरात गेली, घोडे विकले, ट्रेलरही विकला. आता ती गाडी रोज गावात जाते आणि दूध, औषधे, खताची दोन पोती घेऊन परत येते. त्याने ही गाडी विकून हलकी घ्यावी का?

शेजारी सांगतो, "मोठी गाडी असलेली बरी, कधी लागेल सांगता येत नाही." मुलगा म्हणतो, "बाबा, विकून टाका." आपण मात्र दोघांचेही न ऐकता कागद-पेन्सिल घेऊन बसू. हा प्रश्न तुमच्या शाळेतल्या भौतिकशास्त्राने सुटण्याजोगा आहे.

ठिणगीवाचून पेटणारी आग

प्रथम ही गाडी इतकी जड का असते, ते पाहू. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की तापते. जर्मन इंजिनियर रुडॉल्फ डिझेल याने याच गोष्टीचा उपयोग केला. हवा इतकी दाबायची, की तिच्यात इंधनाचा फवारा सोडताच ते आपोआप पेटावे, ठिणगी लागूच नये. त्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालले. इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा ते कामात आणीत असे. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हे प्रमाण दुपटीहून अधिक होते.

पेट्रोल इंजिनात हवा साधारणपणे मूळच्या आकारमानाच्या दहाव्या भागाइतकी दाबतात, तर डिझेल इंजिनात सोळाव्या ते अठराव्या भागाइतकी. तेव्हा तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. एवढा दाब सोसायचा तर सिलिंडरच्या भिंती जाड हव्यात, दट्ट्या आणि भुजादंड भक्कम हवेत. म्हणून इंजिन जड होते. जड इंजिन पेलायला सांगाडा जाड, स्प्रिंगा जाड, आस जाड. जाड सांगाड्याला थांबवायला ब्रेक मोठे. अशी एकातून एक वजनाची साखळी तयार होते. अमेरिकेतील जड पिकअपमध्ये बसवले जाणारे सहा सिलिंडरचे कमिन्स इंजिन एकटेच जवळजवळ ५०० किलोंचे भरते. (याच कंपनीने किर्लोस्करांबरोबर १९६२ साली पुण्यात कारखाना काढला, हे तुमच्यापैकी पुणेकरांना ठाऊक असेल.)

१९७३ आणि १९७९ साली जगात खनिज तेलाची टंचाई झाली आणि भाव भडकले. तेव्हा अमेरिकेतील मोटार-कंपन्यांचे लक्ष काटकसरी डिझेल इंजिनाकडे गेले. १९८२ मध्ये जनरल मोटर्सने, १९८३ मध्ये फोर्डने आणि १९८९ मध्ये डॉज कंपनीने आपापल्या पिकअपमध्ये मोठी डिझेल इंजिने बसवली. डॉजमधले ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन १६० अश्वशक्तीचे होते. पुढे तीस वर्षे चढाओढ चालली. २०१९ सालच्या एका एक टनी पिकअपची शक्ती ४०० अश्वशक्तीवर गेली आणि तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १,३५० न्यूटन-मीटरच्या पुढे गेला. याचा अर्थ काय? एक मीटर लांबीचा पाना बोल्टला लावून त्याच्या टोकाला सुमारे १३८ किलो वजन टांगा. पान्याने बोल्टला जो पीळ बसेल, तेवढा जोर हे इंजिन आपल्या दांड्याला देते. काटकसरीसाठी आलेले इंजिन अशा रीतीने बलदंड होत गेले.

चारशे घोडे, काम बत्तिसांचे

आता हिशेब मांडू. आपल्या पशुपालकाची रिकामी गाडी ३,५०० किलोंची धरा. सपाट रस्त्यावरून ती ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने चालली आहे. तिला दोन गोष्टी मागे ओढतात.

पहिली गोष्ट म्हणजे चाकांचा रोध. चांगल्या डांबरी रस्त्यावर तो गाडीच्या भाराच्या सुमारे शंभराव्या भागाइतका असतो. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले, तर ३,५०० किलोंच्या गाडीचा भार ३५,००० न्यूटन आणि चाकांचा रोध ३५० न्यूटन.

दुसरी गोष्ट म्हणजे हवेचा रोध. तो गाडीचा समोरचा पसारा, तिचा आकार आणि वेगाचा वर्ग यांवर अवलंबून असतो. अशा उंच, चौकोनी गाडीला या वेगात तो अंदाजे ६०० न्यूटन येतो.

एकूण ९५० न्यूटन. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. ९५० × २५ = २३,७५० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. भागाकार करून पाहा, उत्तर ३२ अश्वशक्तीच्या आसपास येईल. तबेल्यात चारशे घोडे बांधलेले आणि गाडीला जुंपलेले बत्तीस! उरलेले ३६८ घोडे फुकट उभे राहतात असेही नाही. मोठ्या इंजिनातील दट्ट्यांचे आणि बेअरिंगांचे घर्षण भागवण्यासाठी त्यांनाही थोडी वैरण घालावीच लागते. तेल बदलायचे म्हटले तरी या इंजिनाला एका वेळी सुमारे ११ लिटर लागते. लहान इंजिनाला साधारण त्याच्या निम्मे पुरते.

अर्धा टनी गाडी २,२०० किलोंची धरली, तर चाकांचा रोध २२० न्यूटन आणि हवेचा अंदाजे ४८० न्यूटन होतो. मिळून ७००. अश्वशक्ती किती लागेल, ते तुम्हीच काढा. (उत्तर : सुमारे साडेतेवीस.)

वजनाचे भाडे

खरी गंमत गावात शिरल्यावर आहे. तिथे थांबणे आणि निघणे सतत चालू असते. गाडीला वेग द्यायचा म्हणजे तिला गतिज ऊर्जा द्यायची. तिचे सूत्र तुम्हांला पाठ आहे : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. पुन्हा निघताना ती नव्याने द्यावी लागते.

जड आणि हलक्या गाडीच्या वजनांतला फरक १,३०० किलोंचा. वेग सेकंदाला १५ मीटर (ताशी ५४ किलोमीटर) धरा. केवळ या जादा वजनाला एकदा वेग द्यायला १,३०० × २२५ ÷ २, म्हणजे सुमारे १,४६,००० ज्यूल लागतात. पशुपालक गावात जाऊन येईपर्यंत वीस वेळा थांबला, तर झाले सुमारे २९ लाख ज्यूल. इंधनातील ऊर्जेपैकी चाकांपर्यंत पोचते ती गावातल्या चालीत फार तर एकचतुर्थांश. म्हणून इंधनाची ऊर्जा हवी १ कोटी १७ लाख ज्यूल. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख ज्यूल असतात. म्हणजे रोज जवळजवळ एकतृतीयांश लिटर डिझेल गेले. वर्षात तीनशे दिवस फेरी झाली, तर शंभर लिटर!

हे शंभर लिटर दुधासाठी नाहीत, औषधासाठी नाहीत आणि खताच्या पोत्यांसाठीही नाहीत. जे लोखंड कुठल्याच कामाचे नव्हते, ते गावात नेऊन परत आणण्याचे हे भाडे आहे. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा या भाड्याची पावती आपल्या सर्वांच्या नावावर फाटते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हलकी गाडी बहुधा पेट्रोलवर चालते. लिटरभर पेट्रोलमध्ये डिझेलपेक्षा ऊर्जा कमी असते आणि पेट्रोल इंजिन ती वापरण्यातही थोडे मागे पडते. म्हणून वजनात जेवढी बचत दिसते, तेवढी सगळी पंपावर दिसत नाही. तरी बचत होतेच. जड डिझेल पिकअप रिकामी असतानाही लिटरला सहाएक किलोमीटर जाते, असा चालवणाऱ्यांचा अनुभव आहे. अर्धा टनी गाड्यांपैकी काटकसरी गाडी सरकारी चाचणीत लिटरला नऊच्या वर जाते. विशेष म्हणजे ओझ्यासकट ३,८५५ किलोंहून जड होऊ शकणाऱ्या पिकअपना ही चाचणीची पट्टी काचेवर लावण्याचे बंधनच अमेरिकेत नाही. त्यामुळे सर्वांत जास्त खाणाऱ्या गाडीचा खुराक दुकानात लिहिलेला नसतो!

वजनाबरोबर उंचीही येते. महामार्गांवरील सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या आणि विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने २०२३ साली पादचाऱ्यांच्या अपघातांची तपासणी प्रसिद्ध केली. ज्या गाड्यांच्या बॉनेटची कड सुमारे एक मीटरहून उंच आहे, त्यांची धडक पादचाऱ्याला प्राणघातक ठरण्याचा संभव ठेंगण्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा ४५ टक्क्यांच्या आसपास जास्त आढळला. गावातून रोज फिरणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा मुद्दा इंधनाहूनही मोठा आहे.

काजळीची चाळण

आता इंजिनाचे स्वतःचे दुःख ऐका. डिझेलच्या धुरात काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसांत खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोग निर्माण करणारा ठरवला. अमेरिकेत २००७ पासूनच्या कडक नियमांमुळे अशा गाड्यांच्या धुराच्या नळीत सच्छिद्र चिनी मातीची गाळणी बसवू लागले. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'भारत स्टेज सहा' नियमांमुळे नव्या डिझेल गाड्यांत अशी गाळणी आली आहे.

गाळणीत काजळी साचणारच. ती झाडून काढता येत नाही, जाळावी लागते. त्यासाठी गाळणी ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापावी लागते. जड ट्रेलर ओढीत महामार्गावर तासन्‌तास चाललेल्या गाडीत हे सहज होते. पण दहा किलोमीटरच्या फेरीत इंजिन धड तापतही नाही, तोच ते बंद होते. काजळी साचत जाते. चालकासमोर इशाऱ्याचा दिवा लागतो. दुर्लक्ष केले तर गाळणी तुंबते आणि गाडीची शक्ती आपोआप कमी केली जाते. चुलीवर रोज नुसता चहा करून विझवली, तर धुराड्यात काजळी धरते, तशातलाच हा प्रकार. काही लोक वैतागून गाळणी कापूनच टाकतात. अमेरिकेत याला कायद्याने मनाई आहे आणि ते योग्यच आहे. त्या गाळणीत अडकणारी काजळी मग शेजाऱ्याच्या मुलांच्या छातीत जाते.

म्हणजे पाहा, बलदंड इंजिनाला हलके काम दिले तर ते खुशीत राहते ही समजूत चुकीची आहे. जड कामासाठी बनवलेल्या डिझेल इंजिनाला जड काम हवे असते. ते न मिळणे हाच त्याचा आजार.

उतारावरचा हिशेब

इतके वाचून तुम्ही म्हणाल, "मग सगळ्यांनीच जड गाड्या विकाव्यात!" थांबा. गणिताची दुसरी बाजू अजून पाहायची आहे.

कोलोरॅडोतील मोठा महामार्ग रॉकी पर्वत ओलांडताना आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. हा बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेकडे उतरताना काही ठिकाणी शंभर मीटरला सात मीटरपर्यंत उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींना शिरता यावे म्हणून रस्त्याच्या बाजूला खडी पसरलेल्या चढाच्या वाटा मुद्दाम केल्या आहेत. त्या वाटा उगीच केलेल्या नाहीत, हे पुढच्या आकड्यांवरून कळेल.

गाडी आणि घोड्यांचा ट्रेलर मिळून ८,००० किलो आणि उतरायची उंची ६०० मीटर धरू. स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची. ८,००० × १० × ६०० = ४ कोटी ८० लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेने खोलीच्या तापमानाचे दीडशे लिटर पाणी उकळेल! यातील काही भाग चाकांचा व हवेचा रोध घेतो. उरलेली उष्णता कुठेतरी गेलीच पाहिजे. ती सगळी ब्रेकवर टाकली तर ब्रेक इतके तापतात, की पायाखालचे पेडल दाबूनही पकड येत नाही.

इथे जड डिझेल गाडी आपले मोल दाखवते. तिच्यात धुराची वाट अरुंद करण्याची सोय असते. मग इंजिन इंधन न जाळता नुसती हवा कोंडीत राहते आणि गाडीला मागे धरते. ब्रेक थंड राहतात. आपल्याकडे बोरघाट किंवा खंबाटकी उतरताना जाणते ड्रायव्हर गाडी न्यूट्रलमध्ये टाकीत नाहीत, खालच्या गिअरमध्ये ठेवतात. तत्त्व तेच.

मोठे ब्रेक, ताठ सांगाडा आणि स्वतःचे वजनही अशा वेळी कामी येते. जड ट्रेलर मागून रेटू लागला, तर हलकी गाडी वळणावर ढकलली जाते. तेव्हा ज्या शेजाऱ्याला दर आठवड्याला घोडे घेऊन हा घाट ओलांडायचा आहे, त्याने जड गाडी ठेवावी हेच बरोबर.

जुवावरचे ओझे

हलकी गाडी घेणारे एक चूक हमखास करतात. जाहिरातीत लिहिलेले असते, 'पाच टन ओढते.' आपला ट्रेलर तर चारच टनांचा. मग काळजी कसली?

शेतकऱ्यांच्या मुलांना याचे उत्तर चटकन सापडेल. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त माल भरला तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त भरला तर मानेवर ओझे पडते. म्हणून थोडासा भार जुवावर राहील असा माल भरतात. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग ओढणाऱ्या गाडीच्या आकड्यावर टेकलेला असावा लागतो. कमी असेल तर ट्रेलर वेगात झोकांड्या खातो.

आता बेरीज करा. चार टनांच्या ट्रेलरचे १२ टक्के म्हणजे ४८० किलो. गाडीत चार माणसे, सरासरी ७० किलोंची, म्हणजे २८० किलो. एकूण ७६० किलो. आणि गाडीच्या दाराच्या चौकटीवरील पट्टी सांगते, की माणसे आणि सामान मिळून ७०० किलोंच्या वर जाऊ नये. हौदा रिकामा आहे, ओढण्याची मर्यादाही ओलांडलेली नाही, तरी गाडीवर ६० किलो जादा ओझे! मागची आस दबते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूची पकड सुटू लागते. जाहिरातीतला मोठा आकडा पाहून गाडी घेऊ नये. दारावरचा लहान आकडा वाचून घ्यावी.

गाडी हलकी कशी करतात

हलकी गाडी म्हणजे तकलादू गाडी नव्हे. फोर्ड कंपनीने २०१५ सालच्या अर्धा टनी पिकअपचा बाहेरचा सांगाडा आणि हौदा पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट, तर ॲल्युमिनियमची २.७ पट. पत्रा थोडा जाड घेऊनही गाडीचे वजन ३०० किलोंहून अधिक उतरवता आले.

पुढे त्याच कंपनीची आणखी लहान पिकअप आली. तिचा एक प्रकार पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर या दोहोंवर चालतो. ब्रेक दाबताना वाया जाणारी गतिज ऊर्जा मोटर उलटी वापरून बॅटरीत साठवायची आणि निघताना परत द्यायची, अशी युक्ती तीत आहे. मघाशी आपण वजनाचे भाडे काढले ना? त्यातला काही भाग ही गाडी परत मिळवते. हौद्यात ६८० किलो नेते आणि सरकारी चाचणीत लिटरला साडेपंधरा किलोमीटरच्या आसपास जाते. सुरुवातीला ती ओढत असे मात्र ९०० किलोच. मर्यादा ओळखून घेतली, तर सामान्य शेतकऱ्याची रोजची कामे तिच्यात बसतात.

आता आपल्या पशुपालकाला उत्तर देता येईल. त्याने दोन आकडे लिहावेत. एक, आठवड्यातून एकदा तरी उचलावे लागते असे सर्वांत जड ओझे. दुसरा, वर्षातून एकदाच येणारे सर्वांत जड ओझे. गाडी पहिल्या आकड्यावरून निवडावी, वर थोडी सूट ठेवून. दुसऱ्या आकड्यासाठी गाडी भाड्याने आणावी. घोडे आणि ट्रेलर गेल्यावर त्याचा पहिला आकडा दोन खताच्या पोत्यांवर आला आहे. म्हणून त्याने जड गाडी विकावी. शेजाऱ्याचा पहिला आकडा चार टनांचा आहे. त्याने ती ठेवावी. दोघांची उत्तरे वेगळी आली, तरी दोघांचे गणित एकच आहे.

तुमच्या गावातले मोजमाप

हे सारे अमेरिकेचे झाले. पण वजनाचा नियम सर्वत्र सारखाच. २००५ साली टाटा मोटर्सने 'एस' ही चिमुकली चारचाकी मालमोटार बाजारात आणली. दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, शक्ती अवघी १६ अश्वशक्ती. स्वतःचे वजन सुमारे ८०० किलो आणि माल नेई ७५० किलो. लोकांनी तिचे नाव ठेवले 'छोटा हत्ती'. दर किलो मालामागे ती जवळजवळ एकच किलो लोखंड वाहत होती. अमेरिकेतील २,२०० किलोंची अर्धा टनी गाडी ७०० किलो नेते, म्हणजे दर किलोमागे तीन किलो लोखंड! अर्थात छोटा हत्ती सावकाश जाणारा. महामार्गावरचा वेग आणि टकरीत माणसांचे रक्षण हवे, तर थोडे वजन पत्करावेच लागते. ते किती, हाच तर खरा प्रश्न आहे.

दोन गोष्टी करून पाहा. एका खोक्याला चार चाके लावा. त्यात एक पुस्तक ठेवून काट्याने (स्प्रिंगच्या तराजूने) हळूहळू, एकसारखे ओढा आणि काट्यावरचा आकडा लिहा. मग दोन, चार, सहा पुस्तके ठेवून पुन्हा पाहा. वजन आणि ओढ यांचा आलेख काढा. रेषा कशी येते?

दुसरी गोष्ट. टेम्पो आणि ट्रक यांच्या बाजूवर 'यू.एल.डब्ल्यू.' आणि 'आर.एल.डब्ल्यू.' अशी अक्षरे आणि पुढे आकडे रंगवलेले असतात. पहिला आकडा रिकाम्या गाडीच्या वजनाचा, दुसरा भरलेल्या गाडीच्या परवानगीच्या वजनाचा. बाजाराच्या दिवशी उभ्या असलेल्या दहा गाड्यांचे आकडे उतरवून घ्या. (चालत्या गाडीच्या जवळ जाऊ नका, आणि ड्रायव्हरकाकांना विचारून मगच लिहा.) वजाबाकी करा आणि किलोभर मालामागे किती किलो लोखंड फिरते, ते काढा. मग ड्रायव्हरकाकांना एवढेच विचारा : "आज गाडीत माल किती आहे?"

त्यांचे उत्तर वहीत लिहा. दहा गाड्यांपैकी किती जणांच्या चुलीवर रोजच्या भातासाठी लग्नाचा हंडा चढला आहे, ते तुम्हांला तुमच्याच आकड्यांवरून कळेल.